क्यूई-टू निवृत्त होतेय… बडोदेकरांनो, कुणाच्या काही आठवणी?

सुरसागरकाठी
१८ ऑक्टोबर २००८, रात्री १०.४०

परवा 'क्वीन एलिझाबेथ २', म्हणजे क्यूई-टू ही अटलांटिकवरची प्रवासी बोट, न्यूयॉर्कच्या बंदरातून शेवटची निघाली. सोबतीला तिची धाकटी बहीण 'क्वीन मेरी २'. साउथॅम्प्टनला पोचली की ११ नोव्हेंबरला दुबईकडे, आणि तिथे हॉटेल होऊन कायमची उभी. गेल्या वर्षी जूनमध्ये दहा कोटी डॉलरला विकली तेव्हाच हे वाचलं होतं, पण परवा रात्री जालावर फोटो बघितले आणि झोप लागेना.

बडोद्यात बसून अटलांटिकच्या बोटीचं सुतक पाळणारा मीच एकटा असेन. आमच्याकडे समुद्र म्हणाल तर सुरसागर तलाव, त्यात वर्षातून एकदा गणपती विसर्जन करायचे, संपलं. पण मी त्या बोटीतून आलोय. पाच रात्री. १९९१ साली, आईबरोबर.

झालं असं. मोठा भाऊ न्यू जर्सीला. आई त्याच्याकडे गेली तेव्हा अटलांटिकवर विमान असं काही खाली आलं की तिच्या मांडीवर शेजारणीचा चहा आणि शेजारणीच्या मांडीवर आईची जपमाळ. उतरल्यावर तिने जाहीर केलं, "आता विमानात पाय ठेवणार नाही. चालत जाईन, पण विमान नको." सहा महिने झाले तरी ऐकेना. मला तिला आणायला पाठवलं. तिथे बघतो तर भावाने परस्पर बोटीची तिकिटं काढलेली. म्हटलं, अरे दादा, ही बोट साउथॅम्प्टनपर्यंत जाते, पुढे बडोद्यापर्यंत काय बैलगाडी? तर म्हणाला, "ते लंडनला बघू." खरं कारण मला नंतर कळलं. त्याला स्वतःलाच त्या बोटीत बसायचं होतं आणि रजा मिळत नव्हती, म्हणून आईला बसवून दिलं.

आमची खोली फाइव्ह डेकवर, म्हणजे जवळजवळ पाण्यालगत. गोल खिडकीबाहेर समुद्र नुसता घुसळत असायचा. आई म्हणाली, "कपडे धुवायच्या मशीनमध्ये बसल्यासारखं वाटतंय." जेवायला कुठे बसायचं ते तिकिटावर ठरायचं. आमच्यासारख्यांना 'मॉरिटानिया', वरच्या खोल्यांवाल्यांना 'क्वीन्स ग्रिल'. हे आईला पहिल्याच दिवशी समजलं, मला समजायच्या आधी. "म्हणजे श्रीमंतांची पंगत वेगळी."

वाढपी भला माणूस. अंडंसुद्धा चालत नाही म्हटल्यावर तो रोज उकडलेला बटाटा नव्या नव्या रूपात आणायचा. आईने पर्समधून मेतकुटाची बरणी काढून त्यावर भुरभुरवलं. तिसऱ्या दिवशी त्याने चाखून बघितलं आणि बरणी आत आचाऱ्याला दाखवायला नेली. परत आणली तेव्हा निम्मी होती.

आणि मग संकष्टी आली.

आईचा उपास. चंद्रोदयानंतर जेवायचं. कालनिर्णयात मुंबईची वेळ होती, पण अटलांटिकची कुठून आणायची? त्यात पूर्वेकडे जाताना घड्याळ रोज एक तास पुढे. आई म्हणाली, "खाली त्या बाईंना विचार ना." मी तासभर टाळलं, मग पर्सरच्या, म्हणजे प्रवाशांची चौकशी बघणाऱ्या बाईंच्या, खिडकीपाशी गेलो. आज रात्री चंद्र किती वाजता उगवेल? तिने दोनदा विचारलं. मी म्हटलं, आई उपाशी आहे, चंद्र उगवला की जेवणार. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि काही न हसता लिहून घेतलं.

संध्याकाळी दाराखालून टंकलेली चिठ्ठी आली. वर बोटीचं चित्र. खाली: चंद्रोदय २२०४. आकाश ढगाळ. क्षमस्व.

दहाला आम्ही वर गेलो. धुकं इतकं की कठड्यापलीकडे काही नाही. भोंगा ठरावीक वेळाने वाजत होता, बोटीच्या पोटातून आल्यासारखा. आईने १०.०४ झाल्याची माझ्या घड्याळात खात्री केली, पूर्व कुठली ते विचारलं आणि स्टीलच्या पेल्यातून अर्घ्य सोडलं. वारा समोरून. सगळं माझ्या कोटावर. खाली मॉरिटानियात जेवणं कधीच उरकली होती, पण आमच्या टेबलावर एक ताट झाकून ठेवलेलं होतं.

लंडनहून विमानच घ्यावं लागलं, हे सांगायला नकोच. मुंबईपर्यंत डोळे मिटून रामरक्षा. पण ती चिठ्ठी तिने पोथीत ठेवली, अजून आहे.

कुणाच्या काही आठवणी असतील तर लिहा. याच बोटीच्या असं नाही, कुठल्याही मोठ्या बोटीच्या चालतील.

---

खमणप्रेमी
१८ ऑक्टोबर २००८, रात्री ११.१५

क्षमस्व!! 😀 वाचनखूण साठवली. काकूंना नमस्कार सांगा.

---

बॉयलरसूट
१९ ऑक्टोबर २००८, सकाळी ७.०५

पहिली गोष्ट, बोट म्हणू नका. जहाज. बोट ही जहाजावर टांगलेली असते.

दुसरी गोष्ट, ती चिठ्ठी. तुम्हाला कल्पना नसेल, त्यासाठी ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात तिथे, कुणाला तरी बसून गणित करावं लागलं असणार. नॉटिकल अल्मनॅकमध्ये, म्हणजे दर्यावर्दींच्या पंचांगात, चंद्रोदयाच्या वेळा अक्षांशांप्रमाणे दिलेल्या असतात, त्याही ग्रीनिचच्या हिशोबाने. रात्री दहाला जहाज कुठे असेल ते आधी काढायचं, मग दोन अक्षांशांच्या मधली वेळ, मग रेखांशाची दुरुस्ती, कारण चंद्र रोज पाऊण-एक तास मागे पडत जातो, मग ते जहाजाच्या घड्याळात आणायचं. करायला दहा मिनिटं लागतात, पण चुकायला एक पुरतं. मी बत्तीस वर्षं समुद्रावर काढली. आमच्या जहाजांवरही एखाद्या खलाशाचा उपास असायचा आणि सेकंड मेटला, म्हणजे मार्ग बघणाऱ्या अधिकाऱ्याला, हे काम लागायचं. पण ते आपले लोक होते. क्यूई-टूच्या मेटने चतुर्थीचा चंद्रोदय काढला, हे वाचून मजा वाटली.

मी तिला पाहिली ती प्रवाशाच्या नजरेने नाही. १९८६-८७ च्या हिवाळ्यात आमचं जहाज जर्मनीत ब्रेमरहाफनला होतं. क्यूई-टू तिथल्या लॉइड वेर्फ्ट या गोदीत पोट फाडून पडली होती. शब्दशः. बॉयलर, टर्बाइनं, सगळं बाहेर. धुराडं काढून बाजूला ठेवलेलं. वाफेवर चालणारी अटलांटिकची शेवटची प्रवासी जहाज ती, आणि तिची वाफ काढून टाकत होते. जागी नऊ डिझेल इंजिनं, एमएएनची, प्रत्येकी नऊ सिलिंडरची. ती जहाज ढकलणारा पंखा फिरवत नाहीत, वीज तयार करतात, आणि त्या विजेवर ४४ मेगावॉटच्या दोन मोटरी दोन पंखे फिरवतात. आमच्या आगगाडीच्या डिझेल इंजिनातही तत्त्व हेच. प्रतापनगरच्या शेडमध्ये लहानपण काढलेल्या कुणालाही कळेल.

पंख्यांच्या मागे मोकळी फिरणारी जादा चाकं बसवली होती, वाया जाणारं पाणी वापरून इंधन वाचवायला. चाचणीतच त्यांची पाती तुटली. काढून टाकली. जर्मन होते म्हणून काय झालं.

आणि तसंही यंत्राचं दुखणं तिला जन्मापासून. १९६८ च्या डिसेंबरमध्ये चाचणीच्या सफरीत टर्बाइनची पाती गेली तेव्हा क्युनार्डने, म्हणजे मालक कंपनीने, जहाज ताब्यात घ्यायलाच नकार दिला होता. पहिली सफर त्यामुळे २ मे १९६९ ला. पण डिझेल बसल्यावर तीच म्हातारी पुढे वीस-एकवीस वर्षं पळाली.

---

अटलादऱ्याचा पिंट्या
१९ ऑक्टोबर २००८, दुपारी १.२०

काका, "जहाज" नपुंसकलिंगी ना? "ती जहाज" कसं? 😛

आणि खरंच विचारतो, क्रूझवर आता सगळेच जातात. ऑफिसातले दोघं सिंगापूरहून जाऊन आले. मग हिचं एवढं काय?

---

बॉयलरसूट
१९ ऑक्टोबर २००८, रात्री ९.३०

व्याकरण मान्य. बत्तीस वर्षं 'ती' म्हणायची सवय.

क्रूझचं जहाज म्हणजे तरंगतं हॉटेल. वादळ आलं तर ते बंदर बदलतं. लायनरला, म्हणजे ठरल्या मार्गावर ने-आण करणाऱ्या जहाजाला, ती सोय नसते. मंगळवारी सुटायचं म्हणजे सुटायचं आणि ठरल्या दिवशी पलीकडे पोचायचं, मग मधे अटलांटिक काहीही करो. म्हणून नाक लांब आणि धारदार, बुडी खोल, लोखंड जाड आणि वेग भरपूर. हिची नेहमीची चाल २८.५ नॉट, म्हणजे ताशी ५३ किलोमीटर, आणि ती आठवडाभर अखंड. लांबी ९६३ फूट. प्लॅटफॉर्मवर तेरा डब्यांची गाडी उभी असेल ना, तेवढी. पण वरचे मजले ॲल्युमिनियमचे. त्यामुळे वजन वाचलं, एक मजला जास्त मिळाला आणि बुडी आटोक्यात राहिली. रुंदीही इतकी बेताची की पनामा कालव्यातून जाता यायचं. आधीच्या दोन्ही क्वीन्सना, 'क्वीन मेरी' आणि पहिल्या 'क्वीन एलिझाबेथ'ला, ते जमत नव्हतं.

१९९५ च्या सप्टेंबरात ल्युइस नावाच्या चक्रीवादळात तिच्यासमोर नव्वद-पंच्याण्णव फुटांची लाट आली. कॅप्टन वॉरिक ब्रिजवर होता, लाट त्याच्या डोळ्यांच्या रेषेत. डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांवरच जातोय असं वाटलं, म्हणाला. नाक लाटेत घुसलं, बाहेर आलं, पुढे चालू. वेळापत्रकात थोडा उशीर. गंमत म्हणजे या रोनाल्ड वॉरिकचा बाप हिचाच पहिला कॅप्टन.

पिंट्याभाई, सिंगापूरवाल्यांना विचार हे जमेल का.

---

क्लाइडकाठचा पेन्शनर
२१ ऑक्टोबर २००८, सायंकाळी ५.५०

मी टंकायला फार हळू आहे. नातू शेजारी बसलाय. चुका त्याच्या.

मी तिला पाण्यात उतरताना पाहिलं आहे.

१९६४ साली विद्यापीठातून इंजिनिअरिंग करून ग्लासगोला गेलो. तेव्हा विमान आम्हाला परवडणारं नव्हतं. बॅलार्ड पियरवरून अँकर लाइनची 'सर्केशिया'. आई, वडील, काका, दोन आत्या आणि दांडिया बाजारातले निम्मे शेजारी गुजरात मेलने मुंबईला पोचवायला आले. धक्क्यावरून बोटीवर आणि बोटीवरून धक्क्यावर कागदी फिती फेकायच्या, एक टोक आपल्या हातात, एक घरच्यांच्या. बोट सुटली की फिती ताणत जातात आणि तुटतात. माझी आत्याने सोडलीच नाही. ती धक्क्याच्या कडेपर्यंत धावत आली तेव्हा काकांनी तिला धरलं. (इथे नातवाने विचारलं, मोबाईल नव्हता का.)

जवळजवळ तीन आठवडे. एडन, सुएझ, पोर्ट सैद, जिब्राल्टर, लिव्हरपूल. पोर्ट सैदला 'गली-गली' म्हणत जादूगार चढायचे आणि तुमच्या खिशातून कोंबडीची जिवंत पिल्लं काढायचे. स्टुअर्ड गोव्याचे. एकाने मला काटा-चमचा कसा धरायचा ते गुपचूप, सगळे उठून गेल्यावर शिकवलं. ते एक शिक्षण मला विलायतेत पदवीपेक्षा जास्त वेळा उपयोगी पडलं.

दोन वर्षांनी, १९६६ साली, ती सेवाच बंद झाली. जेट विमानं आली होती. आणि नेमक्या त्याच वेळी ग्लासगोजवळ क्लाइडबँकला जॉन ब्राउनच्या जहाजं बांधायच्या यार्डात ही क्यूई-टू उभी राहत होती. नाव नव्हतं. ७३६ नंबर, इतकंच. 'लुसिटेनिया', पहिली 'क्वीन मेरी', पहिली 'क्वीन एलिझाबेथ', सगळ्या त्याच यार्डातल्या. माझा घरमालक तिथे लोहार होता. रोज संध्याकाळी जेवताना तो ७३६ बद्दल असं बोलायचा जसं आपल्याकडे सासरी नांदणाऱ्या मुलीबद्दल बोलतात. प्रवासी बोटींचा धंदा बुडतोय हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

२० सप्टेंबर १९६७. मी नदीच्या पलीकडच्या काठावर, ओल्या गवतात, हजारो माणसांत. राणीने नाव उच्चारलं, बाटली फुटली, कळ दाबली. आणि काहीच झालं नाही. बोट हलेना. असा सन्नाटा मी पुन्हा ऐकला नाही. मग अगदी सावकाश, आधी वाटलं आपलेच डोळे हलतायत, ती मागे सरकली. तिला नदीत थांबवायला साखळदंडांचे ढीग बांधलेले होते, ते फरफटत गेले आणि गंजाची तांबडी धूळ उडाली. माझ्या शेजारची बाई रडत होती. घरमालक त्या रात्री जेवताना एक शब्द बोलला नाही.

तिच्या आत मी कधी पाऊल टाकलेलं नाही. पुढे बडोद्याला परत आलो तो विमानाने.

---

सुरसागरकाठी
२१ ऑक्टोबर २००८, रात्री ८.१०

काका, दंडवत. आत्याची फीत वाचून पुढचं वाचायला दहा मिनिटं लागली.

---

सेवउसळ विथ तरी
२२ ऑक्टोबर २००८, रात्री १२.०५

सगळ्यांचं छान चाललंय, मिठाचा खडा टाकतो.

बडोदेकरांनी बोटीच्या आठवणी काढायच्या तर १९१३ पासून काढा. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर मुंबईहून बोटीने न्यूयॉर्कला गेले. १९१७ ला परतताना त्यांनी सामान आणि पुस्तकं वेगळ्या बोटीने पाठवली, ती बोट पाणबुडीने बुडवली. माणूस पुस्तकांशिवाय इथे नोकरीवर हजर झाला. आणि सात समुद्र ओलांडून आलेल्या त्या माणसाला या शहरात राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन हाकललं. कमाटीबागेत झाडाखाली बसून रडले. बोटीवर पंगत वेगळी होती हे काकूंना दिसलं, चांगलं झालं. इथलं कुणाला दिसलं होतं?

बाकी लेख चांगला आहे.

---

सुरसागरकाठी
२२ ऑक्टोबर २००८, सकाळी ८.४५

खडा नाही, बरोबर आहे. ते झाड आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे आणि मी वर सुरसागरावर थांबलो.

---

लष्करवाला
२३ ऑक्टोबर २००८, रात्री ९.००

ग्वाल्हेरहून पाहुणा. परवानगी न घेता घुसतोय.

बडोद्याच्या महाराजांनी बोटीतून प्रवास केले असतील, आमच्या महाराजांनी बोटच घेतली. कॅनेडियन पॅसिफिकची 'एम्प्रेस ऑफ इंडिया', १८९१ पासून पॅसिफिकवर धावलेली. १९१४ साली माधवराव शिंद्यांनी ती विकत घेऊन पहिल्या महायुद्धात इस्पितळाची बोट केली, नाव दिलं 'लॉयल्टी'. युद्ध संपल्यावर वालचंद हिराचंद आणि मंडळींनी ती घेतली आणि ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला सोडली. कंपनीचं नाव 'सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन'. ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिवस असतो तो त्यामुळे. ग्वाल्हेरात समुद्र नाही, पण देशाच्या जहाजउद्योगाला नाव आमचं!

---

खमणप्रेमी
२३ ऑक्टोबर २००८, रात्री ९.२०

आणि नंतर त्या बोटीचं काय झालं?

---

लष्करवाला
२३ ऑक्टोबर २००८, रात्री ९.४०

१९२३ ला मुंबईत भंगारात. (इथवर येणार हे माहीत होतं.)

---

खाडावाला
२५ ऑक्टोबर २००८, दुपारी ३.३०

भंगार निघालंच आहे तर बोलतो. अलंगला, जुनी जहाजं तोडतात तिथे, जाणं-येणं आहे माझं, जुनं फर्निचर आणून इथे विकतो. हायवेच्या दोन्ही अंगांना खाडे, म्हणजे जहाजातून निघालेल्या सामानाचे बाजार, लागलेले असतात. एका खाड्यात नुसती दारं, दुसऱ्यात नुसते संडासाचे भांडे, तिसऱ्यात लाइफ जॅकेटचे डोंगर. वडोदऱ्यात कित्येकांच्या घरी बोटीचं कपाट आहे आणि त्यांना माहीतही नाही. ओळखायची खूण सांगतो: फळीला पुढे पट्टी असते, वस्तू घरंगळू नये म्हणून. आणि दार आपोआप उघडत नाही, खटका दाबावाच लागतो.

'ब्लू लेडी' मी पाहिलेली आहे. मूळची 'फ्रान्स', १९६२ ची, १०३५ फूट. क्यूई-टूची समोरासमोरची स्पर्धक म्हणा. नंतर 'नॉर्वे' झाली. २००३ मध्ये मायामीला बॉयलर फुटून माणसं गेली, त्यानंतर प्रवासी चढलेच नाहीत. २००६ च्या ऑगस्टमध्ये अलंगच्या किनाऱ्यावर चढवली. आपल्याकडे भरती जबरदस्त येते, दहा मीटरपर्यंत, म्हणून तर बोटी इथे येतात. उधाणाच्या दिवशी पूर्ण वेगाने वाळूत घालायची, ओहोटी लागली की कोरडी. पण ॲसबेस्टॉसवरून कोर्टात केस, वर्षभर ती तशीच उभी. गेल्या वर्षी सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने तोडायला परवानगी दिली.

वाळूवर ती समोरून बघितली तेव्हा मी भाव-बिव विसरलो. आमच्या धंद्यात असं व्हायला नको. नाक इतकं उंच की टोपी पडते बघताना. माझ्याबरोबर एक तोडणारा पोरगा होता, ओडिशाचा. त्याला विचारलं, वाईट नाही वाटत? म्हणाला, "हिचा पत्रा फार चांगला आहे."

क्यूई-टू हॉटेल होतेय म्हणता, चांगलं आहे. पण हॉटेल नाही चाललं तर दुबईहून अलंग फार लांब नाही. एवढंच बोलतो.

---

बॉयलरसूट
२५ ऑक्टोबर २००८, रात्री १०.१०

वाईट बोलू नका हो. पहिली 'क्वीन एलिझाबेथ' हाँगकाँगला विद्यापीठ करायला नेली होती, १९७२ मध्ये बंदरात जळून आडवी झाली. 'क्वीन मेरी' मात्र १९६७ पासून अमेरिकेत लाँग बीचला आहे, पुढे तिथेच हॉटेल होऊन उभी. म्हणजे पन्नास टक्के.

---

अटलादऱ्याचा पिंट्या
१२ नोव्हेंबर २००८, सकाळी ९.५०

काल निघाली! आणि निघायच्या दिवशीच पहाटे साउथॅम्प्टनजवळ वाळूत रुतली 😂 टगबोटींनी ओढून काढली. जायचंच नव्हतं तिला.

---

बॉयलरसूट
१२ नोव्हेंबर २००८, रात्री ९.१५

हसा. १९९२ मध्येही मॅसॅच्युसेट्सजवळ खडकाला घासली होती. उथळ पाण्यात वेगाने गेलं की जहाज खाली ओढलं जातं. नकाशावर पाणी पुरेसं दिसतं आणि बूड लागतं.

काल पहिलं महायुद्ध थांबल्याला नव्वद वर्षं झाली. एका जुन्या टायगर मॉथ विमानाने तिच्यावर दहा लाख पॉपीची फुलं टाकली, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाची. ते मला पटलं. १९८२ मध्ये फॉकलंडच्या लढाईला तिला सरकारने मागून घेतलं तेव्हा पोहण्याच्या तलावांवर हेलिकॉप्टर उतरायच्या जागा केल्या, गालिच्यांवर हार्डबोर्ड अंथरलं, खिडक्या काळ्या केल्या आणि तीन हजार सैनिक घेऊन ती दक्षिणेला गेली. परत येताना बुडालेल्या तीन युद्धनौकांची वाचलेली माणसं होती तिच्यात. नुसत्या नाचगाण्याचं जहाज नव्हतं ते.

---

सुरसागरकाठी
१२ नोव्हेंबर २००८, रात्री १०.३०

आईला फोटो दाखवले. चष्मा लावून बराच वेळ बघत होती. मग विचारलं, "आपली खोली कुठली?" मी पाण्यालगतची गोल खिडक्यांची रांग दाखवली. "एवढ्या खाली होतो आपण?" म्हणाली, आणि भावाला फोन लावायला सांगितला. सतरा वर्षांनी तक्रार.

---

सुरसागरकाठी
२७ नोव्हेंबर २००८, दुपारी २.०५

काल ती दुबईला पोचली. संध्याकाळी बातम्यांत दाखवतील म्हणून टीव्ही लावला होता. रात्रीपासून तो बंद केलेला नाही.

मुंबईत कुणाकुणाचे नातेवाईक आहेत, सगळे ठीक आहेत ना? इथेच कळवा.

---

खमणप्रेमी
२७ नोव्हेंबर २००८, दुपारी २.४०

बहीण फोर्टमध्ये कामाला. रात्री ऑफिसातच अडकली होती, सकाळी घरी पोचली. सुखरूप.

---

क्लाइडकाठचा पेन्शनर
२७ नोव्हेंबर २००८, सायंकाळी ६.३०

आमचे सगळे ठीक. बोटीतून उतरून आले म्हणतात, कुलाब्याला. पुढे लिहवत नाही.

---

खाडावाला
२३ एप्रिल २०१८, सकाळी ११.२०

साडेनऊ वर्षांनी धागा वर काढतोय. खेद वगैरे नाही 🙂

१८ तारखेला दुबईत क्यूई-टू हॉटेल उघडलं. दहा वर्षं ती बंदरात नुसती उभी होती. २००८ च्या मंदीत दुबईवाल्यांचे पैसे अडकले. मधे किती वेळा बाजारात बोललं गेलं की अलंगला येतेय. मी एकदा तर एका गिऱ्हाइकाला टेबल देईन म्हणून सांगूनही बसलो होतो. माझा शब्द खोटा पडला, बरं झालं.

मुलगी दुबईत असते. ती जाऊन आली. म्हणे लॉबीत शिरल्यावर जुन्या वस्तूंचं प्रदर्शन आहे आणि बोट हलत नाही याची सवय व्हायला वेळ लागतो.

पेन्शनर काका आहेत का इथे?

---

क्लाइडकाठचा पेन्शनर
२४ एप्रिल २०१८, रात्री ९.१५

मी नातू लिहितोय. आजोबा आहेत, एकोणऐंशीचे. डोळ्यांमुळे वाचत नाहीत, मी वाचून दाखवलं. त्यांचा निरोप: "घरमालकाला सांगायला हवं होतं." बस, एवढंच.

---

बॉयलरसूट
२४ एप्रिल २०१८, रात्री १०.००

नऊपैकी एक तरी इंजिन चालू ठेवलंय का, की वीज किनाऱ्यावरून घेतात? कुणी जाणार असेल तर विचारा. मुलीला विचारा.

---

सुरसागरकाठी
२५ एप्रिल २०१८, सकाळी ७.३०

धागा अजून जिवंत आहे, मजा आहे.

आई २०१३ मध्ये गेली. पोथ्या मी आवरल्या, चिठ्ठी सापडली. शाई तपकिरी झाली आहे, बोटीचं चित्र नीट दिसतं. मागच्या बाजूला आईच्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं, ते मी कधी उलटून बघितलंच नव्हतं. "मेतकूट १ वाटी दिले. परत पाठवणे." खाली त्या वाढप्याचं नाव आणि साउथॅम्प्टनचा पत्ता, त्याच्या अक्षरात.

पाठवलं की नाही कुणाला माहीत नाही. दादाला विचारलं, तोही नाही म्हणाला.

---

खमणप्रेमी
२५ एप्रिल २०१८, सकाळी ७.५०

स्कॅन करून टाका ना, पत्ता झाकून.

---

सुरसागरकाठी
२५ एप्रिल २०१८, रात्री ९.४०

रविवारी करतो. खाडावाला, ते पट्टीचं कपाट अजून मिळतं का हो? खटक्याचं दार असलेलं. एक हवंय, फार मोठं नको.

---

खाडावाला
२५ एप्रिल २०१८, रात्री ९.५५

दोन आलेत. सागवानी आहेत. रविवारी या, पण अकराच्या आत, नंतर मी जेवायला जातो.